‘कायमचं’ या शब्दावर एक आक्षेप

आत्ता सूत्रसंचालक म्हणाले की हे व्याख्यान हार्ड डिस्कवर ‘कायमचं’ साठवलं जाणार आहे. माझा आक्षेप त्या ‘कायमचं’ला आहे.

आपल्या कुंभार पिंपळगावापासून जांब समर्थ जवळच. रामदासांचं जन्मगाव. त्यांच्या संप्रदायाची बाडं शंकरराव देवांनी गोळा केली, ती धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात आहेत. बाड वाचायला दिवसाचा उजेड पुरतो. डिस्कला नाही पुरत.

टेबलावरच्या संगणकातली साडेतीन इंची डिस्क घ्या. तबकडी फिरवायला 12 व्होल्ट, सर्किटला 5. चालू असताना 6-8 वॅट, म्हणजे एलईडी बल्बाइतकी. पण थांबलेली तबकडी फिरती करताना पहिले काही सेकंद वीसेक वॅट मागते. भरल्या बैलगाडीचा पहिला हिसका जड असतो ना, तसं. अडीच इंची डिस्क 5 व्होल्टवर भागवते, पण सुरुवातीला तीही अँपिअरभर ओढू शकते. जुन्या यूएसबी 2.0 ची ऐपत 500 मिलिअँपिअरची! मग नुसतं टिक् टिक्.

माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या अशाच डिस्कवर होत्या. एका दुकानदारानं सांगितलं, “सर, गेली ही. फेकून द्या.” नातवानं केबल बदलली, दुसऱ्या पोर्टला लावली, आणि आई गायला लागली. म्हणजे ओव्या गेल्याच नव्हत्या.

न्यायदर्शनात संस्कार वेगळा, स्मृती वेगळी. संस्कार आत पडून असतो, उद्बोधक मिळाला की स्मृती होते. तबकडीवरचा चुंबकीय ठसा हा संस्कार. लाईट गेली तरी तो राहतो. वीज ही उद्बोधक. आपण मात्र दोन्हींना सरसकट ‘मेमरी’ म्हणून मोकळे होतो. आणि ही शब्दांची कसरत नाही, बरं का. हस्तलिखितांचं डिजिटायझेशन झालं की पानं मोजतात, टेराबाइट मोजतात. 8 वॅटची एक डिस्क वर्षभर अखंड चालली तर 70 युनिट होतात. ते कोण भरणार, किती वर्षं? नवी डिस्क कधी घेणार? हे विचारलं की लोक माझ्याकडे म्हातारा चळला असं बघतात.

यंत्राशी माझं वैर नाही. अचानक लाईट गेली तर फिरती तबकडीच क्षणभर जनित्र होते, आणि तेवढ्या विजेवर वाचणारा हेड सुखरूप बाजूला नेला जातो. केवढी हुशारी! फक्त त्या क्षणी जे लिहायचं राहिलं, ते गेलं.

तेव्हा संयोजकांनो, ‘कायमचं’ खोडा. साडेतीन इंची डिस्क बाहेरून जोडणार असाल तर तिचा अडॅप्टर तिच्यासोबतच बांधून ठेवा, वर चिठ्ठी लावून: 12 व्होल्ट, 2 अँपिअर. नाहीतर उद्या कुणीतरी लॅपटॉपचा 19 व्होल्टचा खुपसेल.