‘लाव्र’मधील यात्रा

येव्गेनी वोदोलाझ्किन यांच्या ‘लाव्र’ (२०१२) या कादंबरीचा नायक आर्सेनी हा पंधराव्या शतकातील वैद्य. तो अंब्रोजो या इटालियन सोबत्यासह प्स्कोवहून जेरुसलेमला जातो. तरी हिला प्रवासकथा म्हणणे उथळपणाचे होईल. विवाहावाचून घरी राहिलेल्या उस्तीनासाठी त्याने लज्जेपोटी सुईण आणली नाही, पापनिवेदनासही तिला नेले नाही. प्रसूतीत ती गेली, मूलही गेले. त्यानंतर तो तिच्या वतीने जगतो, नावे पालटीत जातो. जेरुसलेमला तो खूण मागतो, तेव्हा एक वृद्ध तपस्वी त्याला आडव्या वाटचालीचा अतिरेक टाळून ऊर्ध्वगतीकडे वळावयास सुचवितो.

लेखक प्राचीन रशियन वाङ्मयाचा अभ्यासक असल्याने संतचरित्राचा साचा त्याने सहज पेलला आहे. (मध्ययुगीन अरण्यात वितळत्या बर्फाखालून प्लास्टिकच्या बाटल्या निघतात, ही निव्वळ थट्टा नव्हे : काळ येथे सरळ रेषेत चालतच नाही.)

परंतु शोधाची कसोटी लागते ती परतल्यावर, स्वग्रामानजीकच्या रानात. संकटग्रस्त अनास्तासियाची प्रसूती वृद्ध लाव्र स्वतः करतो. पूर्वी फसलेला प्रसंग या वेळी तडीस जातो. रचना निर्दोष आहे, आणि आक्षेप नेमका येथेच आहे. प्रायश्चित्त पुरे होते ते नायकाचे. ज्या उस्तीनाशी तो आयुष्यभर बोलत राहिला, तिला कादंबरीकाराने मृत्यूनंतर एकही उत्तर दिलेले नाही.