जुगाड आणि सचोटी

व्यापारांतील नव्या युक्त्यांवर पुस्तकें पुष्कळ निघतात, व्यापारांतील नीतीवरही निघतात; पण ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध काय, हा प्रश्न वाचकाला पडावा अशीं पुस्तकें थोडीं. आमच्यापुढें आज दोन इंग्रजी पुस्तकें आहेत. पहिलें, नवी राजू, जयदीप प्रभु आणि सिमोन आहुजा ह्या तिघांनीं लिहिलेलें 'जुगाड इनोव्हेशन' (२०१२). दुसरें, कॅथरिन ईबन ह्या अमेरिकन पत्रकार बाईंचें 'बॉटल ऑफ लाइज' (२०१९). आपल्याकडच्या एकाच शब्दाला पहिल्यानें देव्हाऱ्यांत बसवावें आणि दुसऱ्यानें वेशीवर टांगावें, असा योग क्वचितच येतो. म्हणून दोन्हीं पुस्तकें एकदम वाचावीं असें आम्हांस वाटलें.

जुगाड हा शब्द उत्तर हिंदुस्थानांतला. शेताला पाणी देण्याचें डीझेल इंजिन लाकडी गाड्यावर बसवून तिकडे जें वाहन हांकतात त्याला जुगाड म्हणतात, आणि अडचणींतून काढलेल्या कोणत्याही स्वस्त वाटेलाही तेंच नांव आहे. पहिल्या पुस्तकाच्या तिन्ही लेखकांना ही वृत्ति फार आवडली आहे. गुजराथेंतील वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनीं केलेला मातीचा फ्रिज त्यांनीं कौतुकानें वर्णिला आहे. त्याला वीज लागत नाहीं; वरच्या भागांतलें पाणी पाझरून उडून जातें आणि आंतली भाजी थंड राहते. कौतुक योग्यच आहे. पुढें लेखकांनीं सहा तत्त्वें सांगितलीं आहेत: संकटांत संधि पाहा, थोडक्यांत अधिक साधा, विचार लवचिक ठेवा, सोपेपणा सोडूं नका, उपेक्षितांना सामावून घ्या, आणि शेवटीं, आपल्या अंतःकरणाचें ऐका. आम्ही तीं दोनदां वाचलीं. गिऱ्हाइकाला खरें सांगा, असें तत्त्व ह्या सहांत नाहीं. लेखकांनीं तें गृहीत धरलें असावें. पण गृहीत धरण्यासारखी स्थिति असती तर दुसरें पुस्तक लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.

तें दुसरें पुस्तक औषधांविषयीं आहे. दिनेश ठाकूर नांवाचे गृहस्थ अमेरिकेंतील नोकरी सोडून २००३ सालीं रॅनबॅक्सी ह्या त्या वेळच्या अग्रगण्य भारतीय औषध कंपनींत आले. पुढल्या वर्षीं वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांनीं कंपनीचे कागद तपासले. दोनशेंहून अधिक औषधांविषयीं, चाळीसांहून अधिक देशांच्या सरकारांना दिलेली माहिती विश्वास ठेवण्याजोगी नाहीं, असें त्यांना आढळलें. हा निष्कर्ष संचालकांपुढें मांडला गेला. परिणाम इतकाच झाला कीं मांडणारे वरिष्ठ कंपनी सोडून गेले आणि २००५ सालीं ठाकूरही गेले. त्यांनीं मग अमेरिकन औषध खात्याला पत्रें लिहिलीं. आणि तब्बल आठ वर्षांनीं, २०१३ च्या मे महिन्यांत, कंपनीच्या अमेरिकन शाखेनें सात गुन्हे कबूल करून एकंदर पन्नास कोटि डॉलर भरले.

ह्या गुन्ह्यांचें स्वरूप आमच्या वाचकांनीं नीट समजून घ्यावें, कारण सगळ्या वादाचें मर्म तेथें आहे. गोळी किती दिवस टिकते हें ठरविण्यासाठीं ती ठराविक उष्णतेंत आणि दमटपणांत महिनोन्‌महिने ठेवावी लागते, आणि तीन महिन्यांनीं, सहा महिन्यांनीं, नऊ महिन्यांनीं अशी पुनःपुन्हा तपासावी लागते. ह्या परीक्षेला घाई चालत नाहीं. पण महिन्यांच्या अंतरानें करावयाच्या कांहीं परीक्षा एकाच दिवशीं किंवा दोन-चार दिवसांत उरकल्या होत्या. आणि परीक्षेची वाट पाहणारे नमुने किती काळ कोण जाणे एका फ्रिजमध्यें पडून होते. थंडींत ठेवलेली गोळी उष्णतेंत टिकल्याचा दाखला देऊं शकत नाहीं, हें सांगावयास रसायनशास्त्री नको.

वांकानेरचा फ्रिज आणि हा फ्रिज शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे दोन्हीं पुस्तकांची चूक आम्हांस दिसते. मातीचा फ्रिज चालतो कीं नाहीं, हें गृहिणीला दुसऱ्या दिवशीं भाजी काढतांना कळतें. जुगाडाच्या गाड्यावर बसणारा माणूस इंजिन डोळ्यांनीं पाहतो, ब्रेक नसला तर तेंही पाहतो, आणि मग बसतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजीबाईंना मात्र कांहींच दिसत नाहीं. पाकिटावर जें छापलें असेल तें खरें मानून त्या ती गिळतात. रक्तदाब उतरला नाहीं, तर दोष गोळीचा, वयाचा, कीं मिठाचा, हें डॉक्टरलाही चटकन् सांगतां येत नाहीं. म्हणून औषधाच्या धंद्यांत कारखान्याची नोंदवही हा मालाचाच भाग आहे. वाळूजच्या एका कारखान्यांत २०१३ सालीं अमेरिकन तपासनिसाला फाडलेल्या नोंदी कचऱ्याच्या पिशवींत सांपडल्या. त्या फाडणारा नोकर आम्हांस मुख्य अपराधी वाटत नाहीं. वाईट निकाल वर नेला तर काय होतें, हें त्याला ठाऊक असलें पाहिजे.

पण ईबनबाई जुगाड ह्या शब्दालाच दूषण देतात, तें आम्हांस पटत नाहीं. स्वस्तपणा आणि लबाडी ह्यांचें नातें त्यांना वाटतें तितकें जवळचें नाहीं, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच पुस्तकांत आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या मूळ द्रव्यावरचा एकाधिकार काढून तो फक्त कृतीवर ठेवला. दुसऱ्या कृतीनें तेंच औषध करण्याची मोकळीक २००५ पर्यंत राहिली. ह्या मोकळिकेचा उपयोग मुंबईच्या सिप्ला कंपनीनें काय केला? पाश्चात्य देशांत एड्सच्या एका रोग्याच्या औषधांस वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत असतां, २००१ च्या फेब्रुवारींत युसुफ हमीद ह्यांनीं तींच तीन औषधें एका धर्मादाय वैद्यकीय संस्थेला वर्षाला तीनशें पन्नास डॉलरांत देऊं केलीं. तिन्ही औषधें एका गोळींत आणण्याची युक्तिही त्यांच्याच कंपनीची. तीं औषधें मूळ वेगवेगळ्या कंपन्यांचीं. त्यांनीं एकत्र येऊन अशी गोळी केली नव्हती. ही काटकसर होती, नवी युक्ति होती, आणि नफ्याचा विचारही तींत नव्हता असें नव्हे. फक्त ती उघड्यावर केलेली होती.

दुसरी एक उणीव सांगितली पाहिजे. ग्रंथकर्त्रीचें लक्ष अमेरिकन रोग्याकडे अधिक आहे; तें साहजिक असलें तरी आपल्या घरांतील रोग्याचें काय, हा प्रश्न आम्हांस सुटत नाहीं. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत विषारी ग्लायकोल मिसळलेल्या ग्लिसरीननें चौदा रोगी दगावले, आणि न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या चौकशींत औषध खात्याचीं लक्तरें बाहेर आलीं. २०२२ सालीं गॅंबियांतील मुलांच्या मृत्यूंच्या चौकशींत एका भारतीय कारखान्याच्या खोकल्याच्या औषधांत त्याच विषाचें नांव पुन्हा आलें. आपल्या सरकारी तपासनिसाच्या हातीं किती अधिकार आहे आणि तो किती वापरला जातो, ह्याची माहिती अमेरिकन पुस्तकांतून मिळण्याची अपेक्षा करणें चूक. ती स्वतः ठाकुरांनीं प्रशांत रेड्डी ह्यांच्या साह्यानें लिहिलेल्या 'द ट्रूथ पिल' (२०२२) ह्या पुस्तकांत शोधावी.

'बॉटल ऑफ लाइज' लांबलें आहे, आणि तपासनिसांचे प्रवास वाचतांना कांहीं ठिकाणीं कंटाळा येतो. तरी ज्या घरांत रोज सकाळीं कोणी ना कोणी गोळी घेतें, त्या घरांत तें वाचलें जावें. 'जुगाड इनोव्हेशन' त्याच्यानंतर वाचावें. आधीं वाचलेलें सहा तत्त्वांचें प्रकरण पुन्हा उघडल्यावर आम्हांस तें पहिल्याइतकें गोड लागलें नाहीं.