वानराचा वंश आणि ऋषींचा वंश

जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हा औरंगाबाद हे नाव असलेल्या शहरात एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री डॉ. सत्यपाल सिंह ह्यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, असे प्रतिपादन केले. वानराचा मानव होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून ठेवलेले नाही वा तोंडी सांगितलेले नाही, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. त्यास अनुसरून पाठ्यक्रमही बदलावा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून ह्या विधानाचे खंडन केले. पुढे जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मानवी हक्क संरक्षणविषयक सुधारणा विधेयकावर चर्चा चालू असता त्यांनीच, आपण ऋषींची संतती आहोत, असे सांगितले आणि स्वतःस वानरांची संतती म्हणविणाऱ्यांना दुखविण्याचा आपला हेतू नाही, अशी पुस्ती जोडली. त्यावर तमिळनाडूच्या खासदार कनिमोळी ह्यांनी उत्तर दिले, की आपले पूर्वज ऋषी नव्हते, विज्ञान सांगते त्याप्रमाणे ते होमो सेपियन्स होते. आणि आपले आईवडील शूद्र आहेत.

ह्यांतील पहिल्या विधानाला शास्त्रज्ञांनी उत्तर दिले, ते योग्यच झाले. दुसऱ्या विधानाला मात्र केवळ जीवशास्त्राने उत्तर देता येणार नाही. मानवी हक्कांच्या विधेयकावर बोलताना एखाद्यास आपल्या कुळाची आठवण का व्हावी, आणि त्यावर समोरून जातीचा उल्लेख का यावा, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या दारात येतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. आपल्या देशात आस्तिक लोक उत्क्रांतीविषयी वाद घालतात तेव्हा बाह्यतः तो प्राणिशास्त्राचा वाद दिसतो, पण त्याचे मर्म वंशाभिमान हे असते. आणि ख्रिस्ती माणूस ह्या वादात उतरला तर त्याने कोणत्या बाजूस उभे राहावे हे उत्पत्तीच्या पुस्तकानेच ठरवून दिलेले आहे.

विषय धर्मशिक्षकांच्या जवळचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असे एक प्रकरण होते. पुस्तकांचा भार कमी करण्याच्या निमित्ताने त्यातील उत्क्रांतीचा भाग गळाला आणि २०२३ च्या पुस्तकात केवळ आनुवंशिकता उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी ह्याविरुद्ध जाहीर पत्र काढले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय राहिला आहे. परंतु जो विद्यार्थी दहावीनंतर विज्ञान सोडतो, त्याची मानवाच्या उगमाशी गाठ शाळेत पडेलच असे नाही. ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पडते, आणि मग आपल्या रविवारच्या वर्गात. 'आदाम वानर होता काय?' हा प्रश्न विचारणाऱ्या मुलास गप्प बसविणारा धर्मशिक्षक त्या मुलास पडद्याच्याच हवाली करीत असतो.

'कोणी पाहिले?' ह्या युक्तिवादाकडे प्रथम पाहू. तो संमेलनातील वक्त्याचाच आहे असे समजून आपण समाधान मानू नये. अमेरिकेत सिद्ध झालेल्या आणि हिंदी-मराठीत उतरून आपल्या मंडळ्यांतून फिरणाऱ्या पत्रिकांत हाच युक्तिवाद असतो. फरक एवढाच, की तेथे साक्षीदार म्हणून ऋषींच्या जागी मोशे उभा केलेला असतो. सहा दिवस, सहा हजार वर्षे, आणि ज्याने हे मानले नाही तो विश्वासातून पतित! ह्या पत्रिकांचे आवडते शास्त्रवचन म्हणजे ईयोबाच्या ३८ व्या अध्यायातील तो प्रश्न: पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? शास्त्रज्ञास निरुत्तर करण्यासाठी तो वापरला जातो. वस्तुतः देव तो प्रश्न कोणा नास्तिकास विचारत नाही. तो दुःखाने पिचलेल्या भक्तास विचारतो. आणि ४२ व्या अध्यायात देवाचा कोप होतो तो देवाच्या वतीने मोठ्या आत्मविश्वासाने बोलणाऱ्या तीन मित्रांवर. सृष्टीविषयी आपल्याला सर्व ठाऊक आहे असे मानणाऱ्या धार्मिकांना दिलेला हा इशारा आपण दुसऱ्यांवर उगारावा, हे शास्त्रवाचन नव्हे. संत ऑगस्टीन ह्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना पंधराशे वर्षांपूर्वीच बजावले होते, की आकाश, पृथ्वी, प्राणी ह्यांविषयी ख्रिस्ती मनुष्य शास्त्राच्या नावावर अज्ञान बोलू लागला, तर ऐकणारा परधर्मी त्यास हसेल आणि पुनरुत्थानाविषयीही त्याचे ऐकणार नाही.

शिवाय न पाहिलेल्या गोष्टीचाही पुरावा मागे राहतो. मध्य प्रदेशातच, सीहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे नर्मदेच्या काठच्या गाळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया ह्यांना डिसेंबर १९८२ मध्ये मानवी कवटीचा वरचा भाग सापडला. तो होमो इरेक्टसचा म्हणावा की आद्य सेपियन्सचा, ह्याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. त्याचे नेमके वयही वादग्रस्त आहे. परंतु ते काही हजारांच्या हिशेबात बसत नाही, लाखांच्या हिशेबात जाते, ह्याबद्दल फारसा वाद नाही. आमच्या ग्वाल्हेरच्या नावाने भूवैज्ञानिक ज्या खडकसमूहास ओळखतात, तो तर दीड अब्ज वर्षांहून जुना. ह्याच किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती ज्या जैन परंपरेच्या आहेत, ती जगास निर्माताच मानीत नाही. ह्याचाही विसर पडू नये, की 'सर्व धार्मिक एका बाजूस आणि विज्ञान दुसऱ्या बाजूस' अशी मांडणी आपल्या देशात कधीच खरी नव्हती.

दुसरा एक मार्ग समेटाचा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन ह्या क्रमात डार्विन आधीच आहे, असे एकोणिसाव्या शतकात केशवचंद्र सेन प्रभृतींनी म्हटले आणि सुशिक्षित घरांतून आजही ते ऐकू येते. आपल्याकडे सहा दिवस म्हणजे सहा युगे असे सांगून तोच खेळ खेळला जातो. मग सूर्य चौथ्या दिवशी आणि वनस्पती तिसऱ्या दिवशी, ही अडचण उरते ती उरतेच. ह्या बाबतीत लोकमान्य टिळक अधिक सावध होते. 'गीतारहस्या'त (१९१५) हेकेलचे मत सांख्यांच्या शेजारी ठेवताना त्यांनी 'उत्क्रांती' ह्या मराठीत रूढ होऊ पाहणाऱ्या शब्दालाच हरकत घेतली, कारण संस्कृतात त्याचा अर्थ मृत्यू असा आहे. ब्रह्मसूत्रांत जीवाने देह सोडून निघणे म्हणजे उत्क्रांती. सांख्यांच्या परिभाषेतील गुणपरिणाम वा गुणोत्कर्ष हे शब्द त्यांना अधिक योग्य वाटत. ह्याचा आपल्यालाही उपयोग आहे. 'उत्' ह्या उपसर्गामुळे मराठी वाचकास उत्क्रांती म्हणजे चढण, वरच्या पायरीकडे जाणे, असे आपोआप वाटते. डार्विनच्या सिद्धांतात अशी ठरलेली शिडी नाही. शिडी आपल्या मनात आहे, आणि ती कोणती हे सांगण्याची गरज नाही.

येथेच आपण मुद्द्यावर येतो. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथे बिशप विल्बरफोर्स ह्यांनी हक्स्लींना विचारले म्हणतात, की आपण वानराशी नाते सांगता ते आजोबांकडून की आजीकडून? नेमके शब्द काय होते ह्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु आख्यायिका टिकून राहिली ती ह्याचसाठी, की त्या प्रश्नात शास्त्र नाही, घराणे आहे. कुलीन मनुष्याने असले नाते कसे मान्य करावे? महाराष्ट्रात ह्या घराणेशाहीच्या मुळावर पहिला मोठा घाव महात्मा फुले ह्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) घातला. जोतीराव आणि धोंडिबा ह्यांच्या त्या संवादाचा आरंभच ब्रह्मदेवाच्या निरनिराळ्या अवयवांतून निरनिराळे वर्ण निघाले ह्या कथेच्या चिकित्सेने होतो, आणि मग मत्स्य, कच्छ, वराह ह्यांची पाळी येते. त्यांचा इतिहास आज सर्वस्वी ग्राह्य मानता येणार नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अचूक होता: ही उत्पत्तीची कथा कोणास वर बसविते आणि कोणास खाली?

हाच प्रश्न आपण आपल्या कथेस विचारला पाहिजे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मनुष्यास मातीतून घडवितो. इब्री भाषेत माणूस 'आदाम' आणि माती 'अदामा'. कथेचा सारा जोर ह्या नादसाम्यात आहे, आणि तो मराठीत उतरत नाही. आरंभीच्या अध्यायांत तो शब्द बहुतेक ठिकाणी विशेषनाम नसून 'तो माणूस' अशा अर्थाने येतो. आपल्या भाषांतरांत मात्र कोठे 'मनुष्य' तर कोठे 'आदाम' असे वाचून वाचक एका घराण्याच्या मूळपुरुषाचे चरित्र वाचीत आहे असे समजतो. मूळ कथेत मूळपुरुषाचे कुळ माती आहे. कोणाचेही मुख नाही, कोणाचे पाय नाहीत. यहूदी रब्बींच्या मिश्नामध्ये ह्यावर सुंदर चिंतन आहे: देवाने एकच माणूस का घडविला? 'माझा बाप तुझ्या बापाहून श्रेष्ठ' असे कोणी कोणास म्हणू नये म्हणून. बाप्तिस्मा करणारा योहान अब्राहामाच्या वंशाचा ताठा मिरविणाऱ्यांना नदीकाठचे दगड दाखवितो. लूक प्रभूची वंशावळ अब्राहामापाशी न थांबविता आदामापर्यंत, आणि तेथून देवापर्यंत नेतो. ऋषींची संतती असण्यास आमची हरकत नाही. पण सर्वच त्या संततीत आहेत की काहीच, हे वक्त्याने सांगावयास हवे होते. ते त्याने सांगितले नाही, आणि म्हणूनच समोरून 'शूद्र' हा शब्द आला.

विज्ञानाचे हातही ह्या बाबतीत स्वच्छ नाहीत, हे डार्विनचा कैवार घेणाऱ्यांनी विसरू नये. ज्या हेकेलचा टिळकांनी आधार घेतला, त्यानेच मानववंशांची उतरंड रचली. आपल्याकडे रिस्ली ह्यांनी नाकांची मापे घेऊन जातींचे वंश ठरविले. १९२५ च्या डेटन खटल्यात उत्क्रांतीविरुद्ध उभे राहिलेले ब्रायन ह्यांना जी भीती वाटत होती, की बलिष्ठांचे राज्य हा निसर्गनियम म्हणून शिकविला जाईल, ती अगदीच निराधार नव्हती; त्यांचा उपाय चुकला. महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी हे शस्त्र उलटवून दाखविले. 'द अनटचेबल्स' (१९४८) ह्या ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये ह्यांच्याच मोजमापांवरून दाखविले, की मापे खरी मानली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००९ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासांतून हेच अधिक पक्क्या पायावर पुढे आले: भारतातील जवळजवळ सर्व समाज दोन प्राचीन जनसमूहांच्या मिश्रणातून आले, हे मिश्रण सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात सर्वदूर झाले, आणि नंतर जातीबाहेरील विवाह थांबले. शुद्ध कुळ सापडत नाही.

आता अवघड भाग, जो पत्रिका लिहिणारे टाळतात आणि उदारमतवादी प्रवचनकारही टाळतात. पोप बारावे पायस ह्यांनी १९५० च्या 'ह्युमानी जेनेरिस' ह्या परिपत्रात मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मुभा दिली, पण मानवजात अनेक मूळ जोडप्यांपासून आली हे मत विश्वासणाऱ्यांनी स्वीकारू नये असे म्हटले. कारण मूळ पापाच्या शिकवणीशी त्याचा मेळ कसा घालावा हे दिसत नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीस पाठविलेल्या संदेशात उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ कल्पना राहिलेला नाही हे मान्य केले. मूळ जोडप्याच्या प्रश्नास त्यांनी त्यात हात घातला नाही. इकडे जनुकशास्त्र सांगते की आपल्या पूर्वजांची संख्या कधीही दोनवर आली नव्हती, आणि आफ्रिकेबाहेरील सर्व मानवांत निअँडरथल मानवाचा सुमारे दोन टक्के अंश आहे. मग रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एका मनुष्याच्या द्वारे पाप आले म्हणतो, त्याचे काय करावे?

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की पायस ह्यांचे वाक्य काळजीपूर्वक वाचावे. मेळ 'घालता येणारच नाही' असे ते म्हणत नाहीत, 'दिसत नाही' असे म्हणतात. आणि न दिसणे हे पाहणाऱ्याच्या काळाशी बांधलेले असते. पौलाच्या युक्तिवादाचा भार आदामाच्या शरीरशास्त्रावर नसून ख्रिस्ताच्या सर्वव्यापी तारणावर आहे: ज्यांना एका ख्रिस्ताची गरज आहे ते सर्व एक आहेत. अथेन्सच्या अरीयपगावर तो हेच सांगतो, की देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली. ह्यात मानवजातीचे ऐक्य विश्वासाचा विषय आहे, आणि ते ऐक्य विज्ञान आज नाकारीत नाही. एका जोडप्याविषयी मात्र प्रामाणिक धर्मशास्त्रज्ञाने प्रश्न उघडा आहे असे सांगावे. ते सांगितल्याने दहावीच्या मुलाचा विश्वास ढळत नाही. ढळतो तो, एकाच आदामाची लेकरे म्हणविणाऱ्या मंडळीच्या वधूवर सूचनांत जात विचारलेली पाहून. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे जे धोरण प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्तसभेच्या अंतर्भागातील हा भेद लेखी मान्य केलेला आहे. उत्क्रांतीच्या विरोधात पत्रिका वाटणाऱ्यांनी ते धोरण वाचल्याचे चिन्ह दिसत नाही.

राहता राहिला हथनोराचा तो माणूस. किंवा ती स्त्री, कारण कवटी स्त्रीची असावी असे काही अभ्यासकांचे मत आहे. देवाची प्रतिमा मानवात कोणत्या पिढीपासून मोजावी, हे कोणत्याही खडकातून कळणार नाही आणि कोणत्याही परिपत्रात लिहिलेले नाही. वर्गात हा प्रश्न आला, तर धर्मशिक्षकाने उत्पत्तीचा दुसरा अध्याय उघडावा, त्यातील 'माती' हा शब्द फळ्यावर लिहावा, आणि शक्य असल्यास त्या कवटीचे छायाचित्र त्याच्या शेजारी लावावे.