बेटावरचा रविवार

नदीच्या पात्रात एखादे लहानसे बेट असले आणि काठावर मोठे शहर वसलेले असले, म्हणजे शहराची दृष्टी वारंवार त्या बेटाकडे वळते. पाणी ओलांडले की व्यवहार मागे राहतो, अशी माणसाची जुनी समजूत आहे. पॅरिसच्या वायव्येस सेन नदीत असेच एक चिंचोळे बेट आहे. त्याचे नाव ‘ला ग्रांद जात’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातील माणसे रविवारी येथे येत, हिरवळीवर बसत, गळ टाकीत, नावा वल्हवीत आणि संध्याकाळी परत जात. झॉर्झ सरा ह्या तरुण चित्रकाराने 1884 साली हे दृश्य रंगवावयास घेतले. 1886 च्या मे महिन्यात, इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या आठव्या आणि अखेरच्या प्रदर्शनात, सुमारे दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद असे ते चित्र त्याने लोकांपुढे ठेवले. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता.

ह्या चित्राची कीर्ती जशी मोठी, तसा त्यावरील आक्षेपही जुना आहे. माणसे बाहुल्यांप्रमाणे ताठ आहेत. कोणी हसत नाही, कोणी कोणाशी बोलत नाही. हा विसावा नसून विसाव्याचे सोंग आहे, असे प्रदर्शनाच्या वेळीही म्हटले गेले. पुढे एर्न्स्ट ब्लॉख ह्या जर्मन तत्त्वज्ञास ह्यात कंटाळ्याचे साम्राज्य दिसले, आणि 1989 साली लिंडा नॉक्लिन ह्या अमेरिकन विदुषीने सुखी समाजाच्या स्वप्नाचा भंग म्हणून ह्या चित्राचा अर्थ लावला. ह्या मतांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांनी चित्राचे मर्म हाती येते काय, ह्याविषयी मात्र मला शंका आहे.

प्रथम चित्रात काय आहे ते पाहू. डावीकडे अगदी समोर, सावलीत, बिनबाह्यांचा सदरा घातलेला एक धिप्पाड माणूस तोंडात पाइप धरून पहुडला आहे. त्याच्या उघड्या दंडांवरून तो श्रमाने पोट भरणारा असावा असे वाटते. त्याच्यापासून हातभर अंतरावर उंच टोपी घातलेला, हाती छडी असलेला एक शिष्ट गृहस्थ बसला आहे. उजवीकडे छत्री घेतलेली एक नटवी स्त्री आणि तिचा सोबती उभे आहेत. तिच्या हातातील दोरीच्या टोकाला एक माकड आहे. पलीकडे दोन सैनिक, शिंग वाजविणारा एक इसम, पांढऱ्या टोपीची पाठमोरी दाई, गळ टाकून उभी असलेली एक बाई. चाळिसांहून अधिक माणसे आहेत, आणि बहुतेकांची तोंडे पाण्याकडे आहेत. मध्यभागी आईबरोबर चालणारी पांढऱ्या झग्यातली एक लहान मुलगी तेवढी सरळ आपल्याकडे पाहते.

सराने आपला हेतू ग्यूस्ताव कान ह्या कवीपाशी बोलून दाखविला होता. फिडियसच्या शिल्पपट्टातील मिरवणुकीप्रमाणे आजच्या माणसांनाही, त्यांचे सारभूत रूप तेवढे घेऊन, चित्रात आणावे असे त्याच्या मनात होते. हा शिल्पपट्ट अथेन्स येथील अथेना देवीच्या मंदिराचा. देवीच्या उत्सवाला निघालेले नगरवासी त्यावर कोरलेले आहेत, असे बहुतेक विद्वान मानतात. प्रदक्षिणेची सवय असलेल्या आपल्या वाचकांस शिल्पपट्टाची भाषा समजावून सांगावयास नको. हळेबीडच्या मंदिराभोवती हत्ती-घोड्यांचे थर आहेत. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा गजथर तर आपल्या परिचयाचाच आहे. त्या हत्तींच्या मुद्रेवर आनंद आहे की कंटाळा, असे आपण कधी विचारीत नाही. थरात त्यांना जागा मिळाली आणि वरच्या शिखराचा भार त्यांच्याकडे आला, ह्यातच त्यांचा गौरव आहे. सराची माणसे ह्याच नजरेने पाहावयास हवीत. त्यांचे ताठपण शिल्पातले आहे. फरक एवढाच, की ह्या मिरवणुकीपुढे कोणतीही देवता नाही आणि तिला कोठे जावयाचेही नाही. ती येऊन पोहोचलेली आहे. मंदिरातला मान येथे एका दुपारच्या विसाव्याला दिला गेला आहे.

विसाव्याला एवढा मान कशासाठी, असे कोणी विचारील. फ्रान्समध्ये रविवारच्या विश्रांतीचा 1814 चा कायदा 1880 साली रद्द झाला, आणि कामगारांना आठवड्याच्या सुट्टीचा हक्क मिळाला तो 1906 साली. हे चित्र ह्या मधल्या सव्वीस वर्षांतले आहे. पाइप ओढीत पहुडलेल्या त्या माणसाच्या वर्गाला रविवारची खात्री नव्हती. ती धन्याच्या मर्जीची गोष्ट होती. ह्याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांसाठी रविवारची सुट्टी मागत होते; ती 1890 साली मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशीही यंत्रापुढे उभे राहावे लागणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने भोगले आहे, त्याला सराने ह्या माणसाला अगदी समोर का रंगविले, हे उमगण्यास अडचण पडू नये. टोपीवाल्या गृहस्थाला त्याच्यापेक्षा अधिक हिरवळ मिळालेली नाही.

एवढे मान्य करूनही एक उणेपण सांगितलेच पाहिजे. सराने सर्वांना एका रांगेत आणले, पण त्यासाठी प्रत्येकाचे तोंड बंद केले. ह्याच्या आधी, 1884 साली पूर्ण झालेले त्याचे ‘आनिएर येथील स्नान’ हे चित्र ह्याशी ताडून पाहावे. त्यात बेटासमोरचा काठ आहे, मागे कारखान्यांची धुराडी आहेत, आणि पाण्यात उतरलेला एक मुलगा ओंजळ तोंडाशी धरून पलीकडे हाक घालतो आहे. त्या मुलाच्या अंगात ऊब आहे. ग्रांद जातवर त्याची हाक कोणालाच ऐकू येत नाही. एका हिरवळीवर बसल्याने माणसे एकमेकांची होत नाहीत, हे सत्य सराला दिसले. त्याच्या पुढे काय, हे त्याने सांगितले नाही.

त्याच्या रंगलेखनाची रीतही हेच बोलते. शेव्ह्रल ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या वर्णविचाराचा अभ्यास करून त्याने रंग फळीवर कालविण्याऐवजी त्यांचे सुटे ठिपके शेजारी शेजारी ठेवले. ते जुळावयाचे ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. एकही ठिपका शेजाऱ्यात विरघळत नाही, तरी दुरून पाहिले की उन्हाने उजळलेली हिरवळ दिसू लागते. माणसांचेही तसेच. ती आपसांत मिसळत नाहीत. त्यांना एकत्र आणण्याचे काम आपल्यावर सोपविलेले आहे, आणि ती पांढऱ्या झग्यातली मुलगी बहुधा त्यासाठीच आपल्याकडे पाहते आहे.

ह्या हिरवळीलाही काळाचा हात लागला. सराने वापरलेला जस्ताचा पिवळा रंग तपकिरी पडू लागला. 1891 साली एकतिसाव्या वर्षी तो वारला, आणि पुढल्याच वर्षी फेलिक्स फेनेओं ह्या त्याच्या पुरस्कर्त्याने चित्राचे तेज उतरल्याची खंत लिहून ठेवली. 1958 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात असताना हे चित्र आगीतून थोडक्यात वाचले. त्यानंतर शिकागोच्या संग्रहालयाने ते बाहेर पाठविलेले नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ते छापील प्रतीतच पाहावे लागते, आणि तीत ठिपक्यांचे पृथक्पण हरपते. मूळ बेटावर आता घरे व इमारती उभ्या आहेत. मोकळी हिरवळ थोडीच उरली आहे.

म्हणून ह्या चित्राला कंटाळ्याचे चित्र म्हणून बाजूस सारू नये. कष्टकऱ्याने नदीकाठी काही न करता पडून राहावे, ही गोष्ट देवळाच्या भिंतीवर कोरण्याइतकी मोलाची आहे, असे एका तरुणाला वाटले आणि त्याने दोन वर्षे त्यासाठी वेचली. त्या माणसाशी शेजारच्याने दोन शब्द बोलावेत, एवढे मात्र राहून गेले. ते चित्रकाराच्या हातचे नव्हते. तो भाग बेटावर येणाऱ्यांचा आहे.