सेवेचे तास आणि नागरिकत्वाचें शिक्षण

महाविद्यालयांतून बाहेर पडणारा पदवीधर समाजाचें कांहीं देणें लागतो, हा विचार आपणांकडे नवा नाहीं. नवी आहे ती हें देणें तासांत मोजण्याची रीत. या रीतीचे गुण कोणते आणि उणीव कोणती, याचा विचार शिक्षणाधिकाऱ्यांप्रमाणें पालकांनींही करावा असें आम्हांस वाटतें. कारण ज्या मुलांविषयीं हा प्रश्न आहे, तीं आपल्याच घरांतील आहेत.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. १९५९ सालीं चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सुचविलें कीं, विद्यापीठांत प्रवेश करण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा केलीच पाहिजे. सूचना मोठी होती, खर्चही मोठा होता. ती अमलांत आली नाहीं. पुढें कोठारी आयोगानें (१९६४–६६) शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर समाजसेवेस स्थान द्यावें असें सांगितलें. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, ३७ विद्यापीठें व ४०,००० विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षास १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक घेतलेल्या गांवीं सात दिवसांचें शिबिर, असा तिचा सांचा ठरला. वर्षभराच्या राष्ट्रसेवेच्या जागीं २४० तास आले. रात्रंदिवस धरून मोजले तर ते दहाच दिवस भरतात.

या योजनेचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. शहरांत वाढलेल्या मुलास गांवच्या शाळेच्या पडवींत निजण्याचा, हंड्यानें पाणी वाहण्याचा आणि आपल्याच वयाच्या मुलीची शाळा कां सुटली हें तिच्या तोंडून ऐकण्याचा प्रसंग एरवीं कोठें येतो? असा एखादा आठवडा पुष्कळांच्या आयुष्यभर स्मरणांत राहतो, आणि तें स्मरण वायां जात नाहीं.

परंतु शिबिर संपल्यावर काय होतें, हें विचारलेंच पाहिजे. शोषखड्डे खणले जातात, रोपें लाविलीं जातात, रस्ते झाडले जातात, प्रभातफेरी निघते. सातव्या दिवशीं पाहुण्यांचीं भाषणें होऊन समारोप होतो. पुढच्या उन्हाळ्यांत त्या रोपांस पाणी कोणीं घातलें, गाळानें भरलेला खड्डा कोणीं उपसला, हें पाहण्यास बहुधा कोणी परत जात नाहीं. अहवाल विद्यापीठाकडे जातो, गांवाकडे जात नाहीं. त्यांतच कांहीं विद्यापीठांनीं या कामाबद्दल परीक्षेंत वाढीव गुणांची सवलत दिली. गुणांच्या आशेनें आरंभिलेलें काम पुढें आवडीचें होऊं शकतें, हें खरें. तथापि ज्याच्याकरितां काम केलें त्यास उत्तर द्यावयाचें नाहीं आणि जो गुण देतो त्यास मात्र द्यावयाचें, हा धडा त्या तरुणाच्या मनांत नकळत मुरतो. पुढें तोच अधिकारी, वैद्य किंवा अभियंता होतो. आणि लोकांपेक्षां वरिष्ठांकडे पाहून काम करणारा अधिकारी कसा असतो, हें आपणांपैकीं कोणास सांगावें लागेल?

‘गांव दत्तक घेणें’ हा शब्दप्रयोगही आम्हांस खटकतो. दत्तविधान जन्माचें असतें. सात दिवसांचें नसतें. शिवाय दत्तक घेणारा वडील आणि दत्तक जाणारें मूल, हें नातें त्या शब्दांत गृहीतच आहे. ज्या गांवास स्वतःची निवडलेली पंचायत आहे, स्वतःची ग्रामसभा आहे, त्यास अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनीं पोटाशीं घ्यावें, ही कल्पना सद्‌हेतूची असली तरी नागरिकत्वाची नव्हे. दात्याचा अभिमान आणि नागरिकाची जबाबदारी यांतील अंतर येथेंच आहे.

ही जबाबदारी कशी असते, हें पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत होते. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला; पुढें तो हिंगण्यास गेला. त्यांनीं गणितही सोडलें नाहीं आणि हिंगण्याची पायवाटही सोडली नाहीं. धनंजयराव गाडगीळ यांनीं तर आपल्या विषयासच सेवेचें साधन केलें. त्यांनीं केलेल्या पुणें शहराच्या आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. आणि विठ्ठलराव विखे पाटलांनीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारण्याचें मनावर घेतलें, तेव्हां हाच अर्थशास्त्रज्ञ त्याचा पहिला अध्यक्ष झाला. भाऊराव पाटलांनीं १९४७ सालीं साताऱ्यास महाविद्यालय काढलें, तेथें ‘कमवा आणि शिका’ हाच नियम होता. विद्यार्थ्याचें श्रम हे कोणावर उपकार नव्हते, तो त्याच्याच शिक्षणाचा भाग होता. या तिघांचे मार्ग निराळे. परंतु तिघांच्याही कामांत काळाची दीर्घता होती, आणि ज्यांच्यांत काम करावयाचें त्यांस उत्तर देण्याची तयारी होती.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२० सालीं या विषयाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत ही दृष्टि शब्दांत उतरली आहे. समाजास शिकवावयाचें तसेंच समाजाकडून शिकावयाचें, परस्पर आदर राखावयाचा, हें काम एका विभागापुरतें न ठेवतां सर्व शाखांत न्यावयाचें, हीं तत्त्वें उत्तम आहेत. पण अभ्यासक्रम दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा. त्यांतील निदान निम्मा वेळ प्रत्यक्ष लोकांत. म्हणजे पंधरा तास! पंधरा तासांत ओळख होईल. आदर वाढावयास ऋतु जावे लागतात.

यावर उपाय अवघड नाहींत. एका महाविद्यालयानें एकच गांव, अथवा आपल्याच शहराचा एकच प्रभाग, दहा वर्षें धरावा; विद्यार्थी बदलतील, काम बदलूं नये. रसायनाच्या विद्यार्थ्यानें विहिरींचें पाणी तपासावें आणि त्याचा निष्कर्ष लोकांसमोर मराठींत वाचून दाखवावा. वाणिज्याच्या विद्यार्थ्यानें पंचायतीचें अंदाजपत्रक वाचावयास शिकावें. भाषेच्या विद्यार्थ्यानें वृद्धांकडून शेतीचे, पिकांचे, पावसाचे शब्द उतरवून घ्यावे. आणि वर्षाखेरीस महाविद्यालयानें आपला अहवाल ग्रामसभेंत उभें राहून सांगावा. तेथें जो प्रश्न विचारला जाईल, तीच खरी परीक्षा समजावी.

शेवटीं पालकांस एक विनंति. ‘आधीं अभ्यास, मग समाज’ हें वाक्य आपल्या घरांतून फार सहज उच्चारलें जातें. १९८९ पासून अठरा वर्षांच्या मुलामुलींस मताचा अधिकार आहे. म्हणजे महाविद्यालयाची पायरी चढतांना आपलें मूल बहुधा मतदार झालेलें असतें, किंवा होण्याच्या बेतांत असतें. त्यानें राज्यकर्ता निवडावा, पण आपल्या प्रभागाच्या गटाराची चौकशी मात्र नोकरी लागल्यावर करावी, हा क्रम आम्हांस उलटा दिसतो. तो अभ्यासांतून उठून समाजाकडे जात नाहीं. समाजाकडे जाणें हाच त्याच्या अभ्यासाचा एक विषय आहे. तो विषय चांगला शिकविला जातो कीं नाहीं, याची चौकशी आपण गणिताच्या गुणांइतक्याच आस्थेनें करूं लागलों, तर महाविद्यालयांसही तासांच्या नोंदवहीपलीकडे पाहणें भाग पडेल.