तीन झाडू: ‘माजो नो ताक्क्यूबिन’ या चित्रपटातील वारसा व स्वत्व

जादूच्या कथांत अद्भुत सामर्थ्याची प्राप्ती हा बहुधा कथेचा कळस असतो. हायाओ मियाझाकी यांचा ‘माजो नो ताक्क्यूबिन’ (१९८९) हा जपानी ॲनिमेशन चित्रपट, जो ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या नावाने इतरत्र परिचित आहे, या रीतीस अपवाद ठरतो. एइको कादोनो यांच्या १९८५ च्या बालकादंबरीवर तो आधारलेला आहे. येथे सामर्थ्य आरंभीच हाती असते. मध्यावर ते नाहीसे होते. हे का घडते, हा या चित्रपटाच्या आकलनातील मुख्य प्रश्न होय.

तेरा वर्षांची किकी चेटकिणींच्या परंपरेनुसार घर सोडते आणि कोरिको नगरीत बेकरीच्या आश्रयाने सामान पोहोचविण्याचा व्यवसाय मांडते. उड्डाणशक्ती लोपण्याचे कारण तोंबो या मुलाविषयीच्या कोवळ्या आकर्षणात शोधण्याचा मोह होतो. परंतु प्रसंगांचा क्रम पाहता हे उत्तर अपुरे वाटते. भर पावसात, मोठ्या कष्टाने पोहोचविलेला पदार्थ घेणारी मुलगी त्याची अवहेलना करते. त्यानंतर किकी तापाने आजारी पडते. जे उडणे आजवर सहज होते, तेच आता पोटाचे साधन झाले आहे. सहजता आणि उपजीविका यांतील हा विरोध शक्तिलोपाच्या मुळाशी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या दृष्टीने झाडूचे प्रतीक विचारात घ्यावे. किकीला स्वतः बनविलेल्या नव्या झाडूवर निघावयाचे असते. आई आग्रहाने आपला जुना, अनुभवी झाडू देते. शक्ती ओसरताच हा वारशाचा झाडू मोडतो. अखेरीस तोंबोच्या रक्षणासाठी ती रस्ता झाडणाऱ्या एका वृद्धाचा ब्रश मागून घेऊन उडते. स्वतःची हौस, आईचा वारसा आणि परक्याचे श्रमसाधन, असा हा तीन पायऱ्यांचा प्रवास आहे. तो ब्रश केवळ निकडीपोटी हाती आला, असा आक्षेप संभवतो. पण इच्छेने नव्हे तर निकडीने उडणे, हेच तर तिला शिकावयाचे होते.

अरण्यात राहणारी चित्रकर्ती उर्सुला हाच विचार उघड करते. आपली पूर्वीची चित्रे अनुकरण होती, हे तिला एके काळी उमगले होते. रक्तातून आलेले देणेही नव्याने आपलेसे करावे लागते, हा तिच्या बोलण्याचा आशय. मूळ जपानी चित्रपटात किकी व उर्सुला या दोघींना मिनामी ताकायामा या एकाच अभिनेत्रीचा आवाज आहे. त्यामुळे त्यांचा संवाद आत्मसंवादासारखा भासतो.

उड्डाण परतते, परंतु जिजी या मांजराची वाणी मूळ चित्रपटात परत येत नाही. १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत शेवटी त्याच्या तोंडी शब्द घातले गेले. ही वरवर किरकोळ भासणारी भर कथेचा अर्थच बदलून टाकते. कारण तिने गमावलेले सर्व काही परत मिळते, असे या कथेचे म्हणणे नाही. बाल्यातील एक सोबती मुका होतो, आणि तरीही मुलगी उडते. या चित्रपटातील प्रौढत्वाची व्याख्या हीच होय.