डार्विन नावापुरताच

ह्यूबर्ट साउपर यांचा ‘डार्विन्स नाइटमेअर’ (२००४) हा माहितीपट टांझानियातील म्वान्झा शहरात घडतो. व्हिक्टोरिया सरोवरातील नाइल पर्च माशाचे काप विमानांनी युरोपला जातात. उरलेली डोकी आणि सांगाडे तिथले गरीब तळून खातात. ही दृश्ये विसरता येत नाहीत.

पण शीर्षकातला डार्विन कुठे आहे? याच सरोवरात सिक्लिड माशांच्या सुमारे पाचशे जाती उत्क्रांत झाल्या. कोणी शेवाळ खरवडणारी, कोणी गोगलगायी फोडणारी, कोणी चक्क दुसऱ्यांची पिल्ले गिळणारी! १९५० नंतर उत्पन्नासाठी पर्च सोडला गेला आणि १९८० च्या दशकात यांतल्या कित्येक जाती दिसेनाशा झाल्या. माहितीपटात त्यांना जेमतेम जागा मिळते, आणि पर्च एकटाच खलनायक ठरतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावरची शेती-वस्ती वाढून पाणीही गढूळले. गढूळ पाण्यात मादीला आपल्या जातीच्या नराचा रंग ओळखता येत नाही, मग जातींचा संकर होतो. सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ मध्ये दाखवले. म्हणजे उद्या पर्च संपला तरी हे दुखणे उरतेच.

काही प्रसंग मुलांसाठी नाहीत. शिक्षकांनी मात्र जरूर पाहावा. वर्गात निवडक भाग दाखवायचा तर आधी फळ्यावर सिक्लिडांचे जबडे काढावेत. नाहीतर मुलांच्या लक्षात विमाने तेवढी राहतील.